मनाई वेगळी, पाळत वेगळी

शाळा आणि तंत्रज्ञान हा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एकीकडे 'मुलांची सुरक्षितता आधी, बाकीचं नंतर' म्हणणारे, दुसरीकडे 'मुलं म्हणजे काय कैदी आहेत का?' असं विचारणारे. वर्गात मोबाइल असावा का, व्हरांड्यात कॅमेरे असावेत का, शाळेने दिलेल्या लॅपटॉपवर मूल काय टाइप करतं ते वाचणारं सॉफ्टवेअर असावं का, हजेरी चेहऱ्यावरून घ्यावी का, हे चार निरनिराळे प्रश्न मग एकाच टोपलीत पडतात. तुम्ही कोणत्या तटातले, एवढ्यावरून चारही उत्तरं ठरून जातात. माझी हरकत या टोपलीलाच आहे. मुलाच्या हातातली एखादी वस्तू सहा तास बाजूला ठेवायला लावणं आणि मुलावर सहा तास, किंवा चोवीस तास, नजर ठेवणं या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. पहिली मनाई आहे, दुसरी पाळत. मी मनाईच्या बाजूचा आहे आणि पाळतीच्या विरोधातला, आणि यात मला काहीच विसंगत वाटत नाही.

हे डोक्यात बसलं ते एका पालकसभेत. शाळेला मुलांच्या लॅपटॉपवर लक्ष ठेवणारी यंत्रणा घ्यायची होती आणि कंपनीचा माणूस ती दाखवायला आला होता. पडद्यावर चौकटीच चौकटी. एक चौकट म्हणजे एक मूल. हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे जरा बघा, लाल म्हणजे धोका. 'विद्यार्थी १७'ची चौकट त्याने मुद्दाम लाल करून दाखवली. समोर माना डोलल्या. मागच्या रांगेतून नातवासाठी आलेल्या एका आजींनी विचारलं, "लाल झाल्यावर काय होतं?" "लगेच मेल जातो, मॅडम." "रात्री दोनला लाल झालं तर?" "तरी जातो. सिस्टीम झोपत नाही." "मग तो मेल वाचतं कोण?" त्या माणसाने मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी संगणकाच्या सरांकडे, सरांनी पडद्याकडे. तेवढ्यात पुढची स्लाइड आली.

सभा नंतर तासभर चालली. एक बाबा म्हणाले, माझ्या मुलाकडे लपवण्यासारखं काही नाही, मग घाबरायचं कशाला? एक बाई म्हणाल्या, हा तर तुरुंग झाला. दोघांनाही टाळ्या मिळाल्या, बहुधा त्याच लोकांच्या. आजींचा प्रश्न मात्र पुन्हा कुणी काढला नाही. माझ्या मते त्या संध्याकाळी विचारला गेलेला तेवढा एकच प्रश्न कामाचा होता.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. भीती काल्पनिक नाही. २४ मे २०२२ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात युवॅल्डीच्या प्राथमिक शाळेत एक बंदूकधारी शिरला. १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. वर्गात अडकलेली मुलं दबक्या आवाजात फोनवरून पोलिसांना बोलावत होती. हे वाचलेल्या आईला 'मुलाला मोबाइल देऊ नका' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? दुसरं उदाहरण स्पेनमधल्या अल्मेंद्रालेहो गावाचं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या वीसहून अधिक मुलींचे समाजमाध्यमांवरचे साधे फोटो घेऊन, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपने त्यांचे नग्न फोटो बनवून ते गावभर फिरवले गेले. हे करणारी मुलं त्यांच्याच ओळखीतली, शाळेत जाणारी होती. पुढे १५ अल्पवयीन मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा झाली. त्या मुलींना धोका सरकारपासून नव्हता, कंपनीपासूनही नव्हता; तो पलीकडच्या बाकावर बसलेला होता. विद्यार्थ्यांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलणारे आपण लोक नेहमी मूल विरुद्ध सत्ता असं चित्र रंगवतो आणि मूल विरुद्ध मूल हा प्रकार सोयीस्करपणे विसरतो. तिसरी गोष्ट, खिशातला मोबाइल हे स्वातंत्र्याचं प्रतीक वगैरे मुळीच नाही. मुलाचं बोट कोणत्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलं याची नोंद त्यावरची ॲप्स ठेवतात. शाळेच्या कॅमेऱ्याला हुकूमशाही म्हणायचं आणि या नोंदीला मोकळीक म्हणायचं, हा दुटप्पीपणा झाला.

मोबाइलपासूनच सुरुवात करतो, कारण तो प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे आणि तरी त्यावर सर्वांत जास्त आरडाओरडा होतो. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत मोबाइल बंद केला. नेदरलँड्सने २०२४ च्या जानेवारीपासून वर्गांत, ब्राझीलने २०२५ मध्ये. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगातल्या ७९ शिक्षणव्यवस्थांमध्ये, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांत, कोणती ना कोणती बंदी होती. पण हे सगळं नवं आहे असं समजू नका. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी शाळेत पेजर (खिशात ठेवायचं, छोटे निरोप दाखवणारं यंत्र) आणायला बंदी केली होती, कारण पेजर म्हणजे अमली पदार्थांचा धंदा असं समीकरण तेव्हा रूढ होतं. १९९९ चं कोलंबाइन शाळेतलं हत्याकांड आणि २००१ चा न्यूयॉर्कवरचा हल्ला झाला, पालक म्हणू लागले की मुलाशी संपर्क हवाच, आणि बंद्या सैल झाल्या. न्यूयॉर्क शहराने मधल्या काळात पुन्हा बंदी आणली, २०१५ मध्ये उठवली, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून राज्याने पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मोबाइल बंद केला. म्हणजे सुरक्षिततेसाठी मोबाइल काढून घ्यायचा, सुरक्षिततेसाठी परत द्यायचा, सुरक्षिततेसाठी पुन्हा काढून घ्यायचा. एकच शब्द तीन वेळा उलटसुलट निर्णयांना पुरतो, तेव्हा तो शब्द निर्णयाचं कारण नसतो. तो निर्णयावर चिकटवलेलं लेबल असतो.

बंदीने काय साधतं हेही वाढवून सांगू नये. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा २०१५ चा एक अभ्यास सगळे दाखवतात. बंदीनंतर गुण वाढले, मुख्यतः मागे पडलेल्या मुलांचे. स्वीडनमध्ये तशीच पाहणी केली तर असा परिणाम दिसला नाही. २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० शाळांतल्या हजारावर मुलांचा अभ्यास केला, त्यात कडक बंदीच्या आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. मग मी बंदीच्या बाजूचा का? कारण वर्ग ही एकत्र लक्ष देण्याची जागा आहे, आणि तीसजणांचं लक्ष ही तीसजणांची सामायिक गोष्ट आहे. नाटकाच्या प्रयोगाला मोबाइल बंद ठेवायला सांगतात तेव्हा कुणी प्रेक्षकांच्या मूलभूत हक्कांची आठवण काढत नाही. मनाईचा तेवढाच साधा दावा करावा. नैराश्य जाईल, मैत्री बहरेल, देश घडेल असल्या जाहिराती तिच्या नावावर करू नयेत.

आणि मनाईचा खरा गुण असा की ती उघड असते. नियम भिंतीवर लावता येतो. तो सर्वांना सारखा असतो, घंटा झाली की संपतो, आणि आवडला नाही तर त्याच्याविरुद्ध भांडता येतं. महत्त्वाचं म्हणजे, पेटीत ठेवलेला मोबाइल मुलाबद्दल काहीही जाणून घेत नाही. त्याला मुलाचे मित्र ठाऊक नसतात, त्याने काल रात्री काय शोधलं ते ठाऊक नसतं. मुलाला न ओळखताही त्याला वर्गात लक्ष द्यायला लावता येतं, ही मनाईची सभ्यता आहे. अर्थात मनाईलाही वयाची आणि वेळेची हद्द असते. केरळमध्ये मुलींच्या एका वसतिगृहाने रोज ठरावीक तास मोबाइल बंदीचा नियम केला आणि तो न मानणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला बाहेर काढलं. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला. बरोबरच होतं. नऊ वर्षांच्या मुलाला सकाळी अकराला लावायचा नियम सज्ञान मुलीला रात्री आठला लावता येत नाही.

युवॅल्डीच्या आईला मात्र अजून उत्तर द्यायचं आहे. त्या दिवशी आतून फोन करणाऱ्या एका मुलीने तो मारल्या गेलेल्या शिक्षिकेच्या मोबाइलवरून केला होता. फोन लागले, ऐकले गेले, नोंदवले गेले. पोलीस मात्र ७७ मिनिटं बाहेर व्हरांड्यात थांबले होते. उणीव मोबाइलची नव्हती, मोठ्या माणसांची होती. त्यावर उपाय म्हणून दहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात मोबाइल घालणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता पाळतीकडे येऊ. शाळेला झडतीचा अधिकार असावा का, हा प्रश्न जुना आहे आणि त्याची चांगली उत्तरं आपल्याकडे आहेत. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात काळ्या फिती बांधून आलेल्या मुलांना शाळेने घरी पाठवलं, तेव्हा १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की विद्यार्थी आपले घटनात्मक हक्क शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत येत नाहीत. पुढे १९८५ मध्ये त्याच न्यायालयापुढे सिगारेट ओढताना सापडलेल्या १४ वर्षांच्या मुलीच्या पर्सच्या झडतीचं प्रकरण आलं. न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला: पोलिसाला लागतो तेवढा पुरावा शाळेला नको, पण संशयाला रास्त आधार हवा. हा निकाल मला आवडतो, कारण त्यात एक क्रम आहे. आधी संशय, मग झडती. लॅपटॉपवर बसवलेलं सॉफ्टवेअर हाच क्रम उलटा करतं. आधी सगळ्यांची झडती, रोज, दर मिनिटाला, आणि तिच्यातून संशय तयार करायचा. एखाद्या मुख्याध्यापकाने रोज सकाळी फाटकात उभं राहून प्रत्येक मुलाची वही उघडून शेवटची पानं वाचायची असं ठरवलं तर पालक गप्प बसतील का? तेच काम यंत्र करतं तेव्हा त्याला आपण 'डिजिटल सुरक्षा' म्हणतो.

या यंत्रांचा हिशेब गेल्या पंधरा वर्षांत पुरेसा समोर आला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन इथल्या शाळांनी मुलांना लॅपटॉप दिले होते आणि चोरीला गेले तर शोधता यावेत म्हणून त्यात दुरून कॅमेरा चालू करायची सोय ठेवली होती. मुलांना ही सोय माहीत नव्हती. २००९ मध्ये एका मुलाला उपमुख्याध्यापिकेने घरातल्या गैरवर्तनाबद्दल जाब विचारला आणि पुरावा म्हणून त्याच्या खोलीतला फोटो पुढे केला. शाळेला त्याच्या हातात गोळ्या दिसल्या होत्या. तो म्हणाला, खाऊच्या गोड गोळ्या आहेत. चौकशीत ५० हजारांहून अधिक फोटो आणि स्क्रीनशॉट निघाले, आणि शाळाप्रशासनाने ६ लाख १० हजार डॉलर देऊन दावे मिटवले. चोर पकडण्यासाठी ठेवलेली सोय मुलांच्या झोपायच्या खोलीत जाऊन पोचली. कुणी कट केला असेल असं मला वाटत नाही. कळ हाताशी होती म्हणून दाबली गेली, इतकंच.

दुसरा प्रसंग अगदी अलीकडचा, २०२५ च्या ऑक्टोबरमधला, मेरीलँडमधल्या बाल्टिमोर काउंटीतला. सराव संपवून शाळेबाहेर बसलेल्या १६ वर्षांच्या मुलाच्या हातात कॅमेऱ्यावरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला बंदूक दिसली. होती ती चिप्सची रिकामी पिशवी. पोलीस बंदुका रोखून आले, मुलाला गुडघ्यावर बसवलं, हातकड्या घातल्या. आता यातला बारकावा बघा. जिल्ह्याच्या सुरक्षा विभागातल्या माणसांनी तो इशारा तपासून, शस्त्र नाही म्हणून रद्द केला होता. मुख्याध्यापिकेच्या ते लक्षात आलं नाही, त्यांनी शाळेच्या पोलीस अधिकाऱ्याला कळवलं, त्याने ठाण्याला. यंत्र चुकलं, माणसांनी चूक पकडलीसुद्धा, आणि तरी मूल हातकडीत गेलं. तो मेल वाचतं कोण, हा आजींचा प्रश्न इथे अक्षरशः उभा राहतो.

तिसरी गोष्ट साठवणीची. मुलांवर लक्ष ठेवायचं म्हणजे मुलांची माहिती कुठेतरी साठवायची. अमेरिकेत असंख्य शाळा ज्या कंपनीकडे विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवतात त्या पॉवरस्कूलवर २०२४ च्या डिसेंबरमध्ये हल्ला झाला. सुमारे ६ कोटी विद्यार्थ्यांची माहिती गेली असं नंतरच्या खटल्यात पुढे आलं. कंपनीने खंडणी भरली, तरी काही शाळांना पुढे पुन्हा धमक्या आल्या. गुन्हा कबूल करणारा १९ वर्षांचा कॉलेजातला मुलगा होता. शेत राखायला म्हणून कुंपण घातलं आणि त्यालाच भगदाड पडलं.

यावर नेहमीचं उत्तर येतं: पालकांची संमती घेतलेली असते ना? स्वीडनमधल्या शेलेफ्तिओ शहरातल्या एका शाळेने चेहऱ्यावरून हजेरी घेण्याचा प्रयोग केला. अवघी २२ मुलं, तीन आठवडे, आणि संमती घेऊन. तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०१९ मध्ये २ लाख क्रोनरचा दंड केला आणि सांगितलं की विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, तेव्हा या 'हो'ला मोकळी संमती म्हणता येणार नाही. हजेरी दुसऱ्या साध्या मार्गाने घेता येत असताना चेहरा कशाला हवा, हाही त्यांचा मुद्दा होता. न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये शाळांत चेहरा ओळखणारं तंत्रज्ञान वापरायलाच बंदी केली. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे, वाचून बरं वाटतं. मग २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेले नियम वाचावेत: शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शिक्षणसंस्थांना सूट. मूल दिवसाचा सर्वांत मोठा भाग जिथे काढतं तीच जागा वगळून मुलांचं संरक्षण.

मला कळतं, या सगळ्यावर एक वाक्य भारी पडतं: 'एक जरी जीव वाचला तरी...' ते हलकं वाक्य नाही. रात्री उशिरा मुलीने लिहिलेल्या ओळी सॉफ्टवेअरने पकडल्या, घरी फोन गेला आणि वेळेत मदत मिळाली, असे प्रसंग घडलेले आहेत. ते मी नाकारत नाही. पण वाचलेल्या जिवांच्या शेजारी दुसरा रकानाही मांडायला हवा, आणि तो कुणी मांडत नाही. निबंधातल्या, गोष्टीतल्या, थट्टेतल्या शब्दांवर लागणारे लाल ठिपके त्यात येतात. अशाच एका प्रसिद्ध यंत्रणेच्या धोक्याच्या शब्दांत 'गे' आणि 'लेस्बियन' हे शब्द २०२३ पर्यंत होते, म्हणजे जी मुलं आधीच एकटी पडलेली असतात त्यांच्याच लिहिण्यावर इशारे जात होते, शाळेकडे आणि कधी घरीही. दिवसाला पन्नास खोटे इशारे आले की एक्कावन्नावा खरा इशारा कोण उघडतो? लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो, स्वतः विसरतो.

दुसऱ्या रकान्यातली सर्वांत मोठी नोंद मात्र दिसत नाही. मुलं सांगायची थांबतात, ती नोंद. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्याबरोबर शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल दिला. ८१ टक्के घटनांत हल्ला होण्याआधी किमान एका व्यक्तीला त्याची कल्पना होती, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा मित्र, वर्गातलं कुणी किंवा भावंड होतं. २०२१ मध्ये त्याच संस्थेने वेळीच उधळलेल्या ६७ कटांचा अभ्यास केला, तेव्हा ते उघडकीला येण्याचा मुख्य मार्ग बरोबरीच्या मुलांनी दिलेली खबर हाच निघाला. अल्मेंद्रालेहोचं प्रकरण बाहेर आलं तेही मुलींनी घरी सांगितलं आणि आया गप्प बसल्या नाहीत म्हणून. शाळेच्या लॅपटॉपवरच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला ते दिसलं नसतं, कारण सगळा उद्योग घरच्या मोबाइलवर चालला होता. जगातली सर्वांत चांगली सूचनायंत्रणा म्हणजे एखाद्या शिक्षकाजवळ जाऊन 'मॅडम, एक सांगू का, पण माझं नाव नका घेऊ' म्हणणारं मूल. ती यंत्रणा विश्वासावर चालते. आणि ज्या मुलाला ठाऊक आहे की मी मित्राला लिहिलेली ओळही शाळा वाचते, ते मूल मॅडमकडे जातं की दुसऱ्याच्या नावाचं खातं उघडतं? २००० साली अमेरिकेने कायद्याने शाळांत इंटरनेट फिल्टर सक्तीचे केल्यासारखे केले, अनुदान हवं असेल तर फिल्टर हवा. त्यातून पोरं पहिली गोष्ट कोणती शिकली असतील तर फिल्टर चुकवायचा कसा. पाळतीतून पोरं सचोटी शिकत नाहीत, चलाखी शिकतात, आणि त्यात फार लवकर पारंगत होतात.

शाळेत मुलांवर नजर ठेवण्याची कल्पना संगणकाने आणलेली नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७९१ मध्ये मधोमध पहारेकरी आणि सभोवार खोल्या अशा गोल इमारतीची कल्पना छापली. ती तुरुंगाची म्हणून प्रसिद्ध आहे, पण पुस्तकाच्या लांबलचक नावातच शाळाही आहेत. पुस्तक पत्रांच्या रूपात आहे, आणि शेवटच्या पत्रात त्याने स्वतःलाच विचारलं आहे की अशा शाळेतून माणसांच्या रूपातली यंत्रं तर तयार होणार नाहीत? आणि उत्तर दिलं आहे की यंत्रं म्हणा, सैनिक म्हणा, ती सुखी असली म्हणजे झालं. आजच्या विक्रेत्यांपेक्षा बेंथम बरा, त्याला निदान प्रश्न तरी पडला होता.

छडीची आठवणही इथे काढायला हवी. मुलांच्या भल्यासाठीच, सगळे पालक मागतात म्हणूनच, आणि छडी गेली तर शाळा कोसळतील म्हणूनच ती होती. स्वीडनने शाळांतली छडी १९५८ मध्ये काढली, ब्रिटनमधल्या सरकारी शाळांतून ती १९८७ मध्ये गेली, भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिला मनाई केली. शाळा कोसळल्या नाहीत. उलट, छडीची एक गोष्ट पाळतीपेक्षा प्रामाणिक होती असं म्हणायची वेळ आली आहे: ती दिसायची. पाच वर्षं लाड करा, दहा वर्षं मारा आणि सोळावं लागलं की मुलाला मित्रासारखं वागवा, असं सांगणारं एक संस्कृत सुभाषित आपल्याकडे घराघरांत म्हटलं जातं. त्यातलं ताडन मला मान्य नाही. पण त्या कठोर सुभाषितालाही शेवटची तारीख ठाऊक होती. पडद्यावरच्या त्या हिरव्या ठिपक्याचं सोळावं वर्ष कोणतं? तो दहावीत काढतात, बारावीत, की त्याच्या नोंदी मुलाबरोबर पुढे कॉलेजात आणि नोकरीतही जातात?

मग शाळेने हात बांधून बसावं का? नाही. फाटकावर कॅमेरा असू द्या, बसमध्ये असू द्या. अनोळखी माणूस आत येतो का ते बघणं हे शाळेचं कामच आहे. वर्गातल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र पालकांच्या मोबाइलवर देण्याची कल्पना मात्र मला भयंकर वाटते. वर्गात चुकीचं उत्तर द्यायची मुभा असते, ती चाळीस घरांतून बघितली जात असेल तर हात वर कोण करणार? मुलांच्या डिजिटल जगाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये जे म्हटलं ते पुरेसं स्पष्ट आहे: मुलांवरची पाळत सरसकट नसावी, रोजची सवय म्हणून नसावी, आणि मुलांच्या नकळत तर नसावीच. एखाद्या मुलाबद्दल खरी काळजी असेल तर त्या मुलापुरतं, ठरावीक दिवसांसाठी, नाव असलेल्या माणसाच्या जबाबदारीवर बघा आणि नंतर त्याला तसं सांगा. हे किचकट आहे, आणि ते तसंच असलं पाहिजे. पाळत सोपी झाली की ती सगळ्यांवर पसरते. आणि यंत्रणेवर खर्च करायला पैसे असतील तर शाळेत समुपदेशक किती आहेत, आठवड्यातून किती तास असतात, त्यांच्या खोलीचं दार मुलांना माहीत आहे का, ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी या तीन प्रश्नांवर शांतता पसरते.

त्या सभेचं इतिवृत्त आठवड्याने आलं. प्रात्यक्षिक झालं, शंकांचं निरसन झालं, पालकांनी समाधान व्यक्त केलं, अशी तीन वाक्यं त्यात आहेत. यंत्रणा पुढच्या सत्रापासून सुरू होणार आहे. धोक्याचा मेल कोणत्या पत्त्यावर जायचा, त्याच्यासमोरची जागा रिकामी आहे.